पहिल्या एसटीचा डबा

कोल्हापूरच्या स्टँडवर मी कंडक्टरला हॉटेलचं नाव सांगितलं, तर ते त्याच्या गावीही नव्हतं. नाव चांगलं लांबलचक आणि राजेशाही होतं. फोनवर त्याच्याखाली सोनेरी अक्षरांत 'संस्थानी आदरातिथ्य' असंही लिहिलेलं दिसत होतं. कंडक्टरनं तिकिटाचं मशीन खाली केलं आणि मला नीट न्याहाळलं.

"असलं काय न्हाई आमच्या रूटवर."

"जुना बंगला आहे. कॉलेजसमोर," मी म्हटलं.

"मग होस्टेल म्हणा की! बसा, पावणं. गेटातच उतरवतो."

होस्टेल नाही, हॉटेल आहे, असं मी त्याला परत सांगितलं. त्यानं "तेच की" म्हणून मान हलवली आणि पुढच्या सीटकडे गेला. साठी ओलांडलेली बाई एकटीच होस्टेलवर राहायला निघाली आहे, याचं त्याला काहीच वाटलं नाही. मला मात्र जरा लागलं.

जुन्या वास्तूंचं मला वेड आहे हे आपल्या मंडळाचं मासिक वाचणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे. नाशिकहून एवढ्या लांब एकटी जाते म्हणून ह्यांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, नेहमीप्रमाणे कपाळावर आठ्या घातल्या, आणि मी नेहमीप्रमाणे तिकडे काणाडोळा केला. ह्यांना प्रवास म्हणजे शिक्षा वाटते. मला घरी बसणं म्हणजे शिक्षा वाटते. संसार झाला तो असा.

हायवे सोडून गाडी आत वळली आणि दोन्ही बाजूंनी ऊस सुरू झाला. हिवाळ्याचे दिवस, कारखाने जोरात. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, त्यांतून रस्त्यावर लोंबणारी वाढी, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, आणि मागे अडकलेली आमची एसटी. ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकला, मग त्यानं नाद सोडून दिला. पुढे ऊस विरळ झाला, माती तांबडी झाली, उतारांवर काजूची झाडं दिसू लागली. हवेत गारवा आला. आजऱ्याच्या अलीकडचं हे गाव. त्याचं नाव मी लिहिणार नाही, तसा मी तिथल्या एका मुलीला शब्द दिला आहे.

गाव म्हणजे एक लांब रस्ता. एका टोकाला स्टँड, दुसऱ्या टोकाला कॉलेज. मधे झेरॉक्सची दुकानं, चहाचे गाडे, 'रूम भाड्याने देणे आहे' अशा पाट्या आणि पाठीला सॅक लावलेली मुलंमुली. कॉलेजच्या बरोबर समोर, दगडी कुंपणाच्या आत, बंगला उभा होता. मी गेटातून आत पाऊल टाकलं आणि तिथेच थांबले. जांभ्या दगडाचे जाड चौथरे, मंगलोरी कौलं, सागवानी खांबांचा तिन्ही बाजूंनी फिरलेला रुंद व्हरांडा, वर रंगीत काचांची तावदानं. मागे डोंगरांची रांग. फोटोत दिसतं त्याहून सुंदर असलेली हॉटेलं माझ्या नशिबी फार कमी आली आहेत. हे त्यांतलं एक.

स्वागताला मृणाल आली. तिशीतली, चुणचुणीत, केस घट्ट बांधलेली. पुण्यात हॉटेल व्यवस्थापन शिकून ती गावी परतली आणि वडिलांच्या मागे लागून तिनं बंगल्याचं हॉटेल केलं. वडिलांना सगळे आबा म्हणतात. आबा मोठ्या मिशांचे आणि त्याहून मोठ्या आवाजाचे. बंगला त्यांच्या पणजोबांनी संस्थानच्या काळात बांधला. पुढे कॉलेज निघालं, मुलींच्या राहण्याची सोय नव्हती, म्हणून आबांच्या वडिलांनी बंगला होस्टेलला देऊन टाकला. कितीतरी वर्षं इथे मुली राहिल्या. मग कॉलेजनं स्वतःचं होस्टेल बांधलं आणि बंगला परत घराकडे आला.

"आजून बी एसटीवालं ह्याला होस्टेलच म्हणत्यात," आबा म्हणाले.

"ते बदलायला हवं," मृणाल म्हणाली. ती हसली नाही.

माझी खोली वरच्या मजल्यावर होती. उंच पलंग, पितळी कड्यांचं कपाट आणि भिंतीवर गव्याचं शिंगांसकट मुंडकं. त्याची नजर मला सहन होईना, म्हणून मी त्याच्यावर टॉवेल टाकला. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला कुणीतरी कर्कटकानं कोरलं होतं, 'रसायनशास्त्रा, तुझा सत्यानाश होवो.' खाली तारीख नाही, नाव नाही. मृणालनं सगळ्या बंगल्याला पॉलिश केलं, पण ते तेवढं ठेवलं होतं. त्यासाठी ती मला आवडली.

रात्री तांबडा-पांढरा रस्सा झाला. तांबड्यानं डोळ्यांतून पाणी काढलं, पांढऱ्यानं ते पुसलं. मृणाल वाढताना म्हणाली, "उद्याचा नाष्टा व्हरांड्यात लावते, काकू. कोपऱ्यातली खुर्ची तुमची. तिथून अख्खा डोंगर दिसतो. आणि इथल्या घराघरात काय खातात, तेच वाढणार आहे."

सकाळी मला लवकर जाग आली. बाहेर धुकं होतं. शाल गुंडाळून मी खाली आले. व्हरांड्याच्या कोपऱ्यात पांढरा कपडा घातलेलं टेबल, वेताची खुर्ची, शेजारी एक लांब जुनं बाकडं. बाकड्यावर, माझ्या हाताला येईल असा, जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यात बांधलेला स्टीलचा डबा. आजूबाजूला कुणी नव्हतं. स्वयंपाकघराकडून भांड्यांचा आवाज येत होता.

आता यात माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा. अलीकडे नाशिकच्याच एका हॉटेलात मला लाकडी बैलगाडीतून मिसळ वाढली होती. चहा कंदिलात आणणारे लोकही मी पाहिले आहेत. घराघरात खातात ते वाढणार म्हणून मृणालनं सांगितलेलं, आणि समोर घरच्यासारखा बांधलेला डबा. या पोरीला सोंग जमतं, एवढंच माझ्या मनात आलं. मी गाठ सोडली.

वरच्या खणात तांदळाच्या दोन भाकऱ्या, अजून गरम. त्याखाली काळ्या वाटाण्याची आमटी. त्याखाली घनसाळचा (या भागातला सुवासिक तांदूळ) भात, झाकण काढताच वास नाकात शिरला. कागदात खर्डा (हिरव्या मिरचीचा ठेचा). आणि झाकणाच्या छोट्या वाटीत गूळ-खोबरं घातलेलं कारलं.

कारलं पाहून मी थोडी थांबले. आमच्या घरी कारलं होत नाही. ह्यांना वासही चालत नाही, मुलांनी त्यांचंच उचललं, आणि एका माणसासाठी कढई कोण चढवणार? माझी आई करायची तसंच हे होतं, कडूपणा शिल्लक ठेवून केलेलं. मी आधी ती वाटी संपवली. मग भाकरी, मग आमटी, मग भात. खाताखाता मला चक्क रडू आलं. आयुष्यभर मी डबे भरत आले. ह्यांचा ऑफिसचा, दोन्ही मुलांचा शाळेचा. नोकरी मीही केली, पण माझ्या डब्यात जायचं ते त्यांचे भरून उरलेलं. माझ्यासाठी म्हणून कुणी डबा बांधलेला मला आठवत नव्हता, आणि आता बांधला तो हॉटेलवाल्यांनी. हसू नका. मला फार बरं वाटलं. सगळे खण बोटानं निपटून मी डबा परत बांधला, बाकड्यावर ठेवला आणि फिरायला निघाले.

तासाभरानं परत आले, तर व्हरांड्यात वीसेक डबे ओळीनं मांडलेले. कापडात बांधलेले, पिशव्यांतले, नावं घातलेले. कॉलेजच्या मुली येत होत्या, आपापला डबा उचलून पळत होत्या. एक सडसडीत मुलगी तेवढी हातात डबा धरून उभी होती. तो हलका कसा, ते तिला कळत नव्हतं. तेवढ्यात आतून मृणाल आली. तिच्या हातातल्या ताटात आंबोळ्या, चटणी, उसळ.

"काकू, होता कुठे? नाष्टा केव्हाचा तयार आहे."

म्हणजे मी खाल्ला तो हॉटेलचा नाष्टा नव्हताच. मुलीनं डबा उघडून पाहिला, मग माझ्या उतरलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिला कळलं. मृणाल आत वळताच मी तिच्याजवळ गेले.

"अगं, मी खाल्ला तुझा डबा. मला वाटलं, हॉटेलचाच. आत्ता सांगते मृणालला, ती तुला दुसरा—"

"न्हाई, न्हाई! ताईंना सांगू नका, मावशी." तिनं माझा हातच धरला. "सांगितलासा तर सगळ्यांचं डबं बंद हुतील."

तिचं नाव अश्विनी. तिनं गेटाजवळ उभ्याउभ्या सांगितलं ते असं. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या मुली इथे रूम घेऊन राहतात आणि घरचा डबा सकाळच्या एसटीनं येतो. बंगला होस्टेल होता तेव्हा ड्रायव्हर डबे इथेच उतरवायचे. होस्टेल गेलं, पण ड्रायव्हरांनी सवय सोडली नाही. अश्विनीचं गाव सगळ्यांत लांब, डोंगरापलीकडचं, म्हणून तिचा डबा पहिल्या एसटीनं एकटाच येतो. संध्याकाळी रिकामे डबे इथूनच परत जातात. मृणालताईला हे पटत नाही. पाहुण्यांच्या डोळ्यांसमोर डब्यांची रांग, मुलींची गर्दी. पुढच्या आठवड्यात पुण्याहून मोठा ग्रुप यायचा आहे, आणि सोमवारपासून डबे स्टँडवरच उतरवा, असं ती ड्रायव्हरांना सांगणार आहे.

"स्टँड त्या टोकाला. तास बुडवून कोण जाणार? आन तिथं कुत्री फिरत्यात. आबा एकटंच आमच्या बाजूनं हायत. ते म्हणत्यात, इतक्या वर्सांत एक डबा इकडचा तिकडं झाला न्हाई." ती थांबली. "आन आज झाला."

"मग तू खाणार काय?"

"मी खाती की वाटून. आमच्यात कुणाचा डबा न्हाई आला, तर सगळ्याजणी थोडंथोडं घालत्यात. तुमी जावा, नाष्टा करा. न्हाईतर ताईंना कळंल."

म्हणून मी गच्च भरल्या पोटावर आंबोळ्या खाल्ल्या. मृणाल समोर बसून विचारत होती, कशा झाल्यात, उसळ तिखट नाही ना. उत्तम आहे, मी म्हणत होते आणि एकेक घास ढकलत होते. ती शिक्षा मला योग्यच झाली.

दुपारी मला राहवेना. काजूचं एक पाकीट घेऊन मी कॉलेजच्या आवारात गेले. वडाच्या झाडाखाली पाच-सहा मुली गोल बसल्या होत्या, मधे अश्विनीच्या डब्याचं झाकण. प्रत्येकीनं त्यात काही ना काही घातलं होतं. कुणाची झुणक्याची वडी, कुणाचा भात, कुणाची चपाती. अश्विनी जेवत कमी होती आणि हसत जास्त होती. तिनं मला पाहून 'सगळं ठीक' अशी खूण केली. काजू त्यांनी घेतले, मला मात्र बसू दिलं नाही, "प्रॅक्टिकल हाय" म्हणाल्या.

संध्याकाळी व्हरांड्यात आबा भेटले. रिकाम्या डब्यांची रांग एसटीची वाट पाहत होती. मुली डबे विसळून ठेवतात, पण उरलेलं टाकत नाहीत, ते तसंच घरी जातं, असं त्यांनीच मला सांगितलं.

"पोरगी म्हणती, आबा, धंदा करायचा तर धंद्यागत करा. तिचं बी बरोबर हाय. राबती बिचारी. पण मी तिला म्हटलं, एक डबा चुकल्याला दाव, दुसऱ्या दिवशी बंद करतो." ते खूश होऊन हसले. "दावणार कुठनं?"

मी त्यांच्याशी काय बोलले ते आठवत नाही. डोंगराबद्दल काहीतरी बोलले असेन. तोंड उघडलं तर मुलींचं नुकसान, मिटलं तर आबांची फसवणूक. मी ते मिटलेलंच ठेवलं, आणि जेवताना त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

दुसऱ्या दिवशी मी उजाडताच त्या खुर्चीत येऊन बसले. डब्याची राखण करायची, असं ठरवूनच. पहिली एसटी गेटाशी थांबली. पण डबा घेऊन कंडक्टर उतरला नाही. एक बाई उतरली. पन्नाशीच्या आतली, डोक्यावर पदर, पायांत रबरी चपला, हातांचे तळवे काळे पडलेले. काजूची टरफलं सोलणाऱ्या बायकांचे हात असे होतात, हे मी आदल्या दिवशीच गावात पाहिलं होतं. तिनं डबा बाकड्यावर ठेवला आणि त्याच्याशेजारी स्वतः बसली.

"अश्विनी आली न्हाई आजून?"

"येईल आता. तुम्ही तिच्या आई?"

"व्हय. शालन म्हणत्यात मला." तिनं मला आपादमस्तक पाहिलं. बोलायला कुणीतरी मिळालं म्हणून तिला बरं वाटलं असावं. "आज काम बुडवून आले बगा. रोज ह्या डब्यात मी कारलं घालती. पोरगी खात न्हाई, ती वाटी तशीच परत येती. ती खायाचं मनावर घेत न्हाई, मी घालायचं सोडत न्हाई. तीन वर्सं चाललंय. आन काल वाटी मोकळी आली. तळ बी पुसल्याला."

माझ्या हातातला चहाचा कप मी खाली ठेवला.

"म्हंजे काय झालं? पोरगी जेवली न्हाई. डबा दुसऱ्याच कुणाच्या पोटात गेला. फोन लावला तर म्हणती, जेवले आई, लई ब्येस झालतं. हे खोटं कशापायी बोलली माझी पोर? आजारी हाय का, कुणी तरास देतंय का, रातभर डोळ्याला डोळा न्हाई."

आता गप्प बसणं मला शक्य नव्हतं. "तो डबा मी खाल्ला," मी म्हटलं. "मला वाटलं, हॉटेलचा नाष्टा आहे. चुकून झालं. मुलगी ठीक आहे तुमची."

शालन माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं हॉटेलकडे बघितलं. मग परत माझ्याकडे.

"एवढ्या मोठ्या हॉटेलात तुमास्नी जेवाण घालत न्हाईत व्हय?"

"काय म्हणालात, काकू?" दारात मृणाल उभी होती. तिच्यामागे आबा. त्यांनी सगळं ऐकलं होतं. आबांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना.

मृणाल ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "आबा, ऐकलंत ना? मी हेच म्हणत होते. काकूंना बाधलं असतं तर? ती मुलगी दिवसभर उपाशी. आणि हे एकट्या काकूंचं झालं. पुढच्या आठवड्यात इथे पंचवीस माणसं असतील. कुणाचं काय, कुणी काय उचललं, कोण बघणार? आज मी स्वतः डेपोत जाऊन सांगते."

तेवढ्यात रस्ता ओलांडून अश्विनी धावत आली. आईला पाहून ती थबकली, आमचे चेहरे पाहून तिला उलगडा झाला, आणि तिचे डोळे भरून आले. "मावशी, सांगितलासा व्हय," ती मला म्हणाली. एवढं वाईट मला पुष्कळ वर्षांत वाटलं नव्हतं.

शालन मात्र बाकड्यावरून उठली नाही. ती माझ्या खुर्चीकडे बोट करून म्हणाली, "ही खुर्ची हितं कवा आली, बाई?"

"दिवाळीनंतर ठेवली," मृणाल म्हणाली.

"आन बाकडं?"

मृणालनं आबांकडे पाहिलं.

"बाकडं माझ्या आदीपास्नं हाय," आबा हळूच म्हणाले.

"मग डब्याला का बोलतीस? डबा त्याच्या जागी आला. पावण्याला डब्याच्या जागी कुणी बसवलं? खुर्ची उचला की हितनं."

"मावशी, हा कोपरा सगळ्या बंगल्यात चांगला आहे. इथूनच डोंगर दिसतो. लोक त्यासाठी लांबून येतात."

शालननं मान वळवून डोंगर पाहिला. "त्याच्या पल्याडनंच आले न्हवं मी आत्ता," ती म्हणाली. मग तिचा आवाज खाली आला. "हे बग, बाई. फोनवर पोरगी जेवले म्हणती, बरी हाय म्हणती. काल बी म्हणाली. डबा उघडल्यावरच मला कळतंय, ती जेवली का, कशी हाय. परीक्षेच्या टायमाला भात उरतोय. बरं नसलं की भाकरी तशीच येती. मला लिवाय-वाचाय येत न्हाई, पण एवढं येतंय. स्टँडावर डबा टाकलासा तर ही तास बुडवून जाणार न्हाई. आन जेवले म्हणून सांगंल. मग मी काय बघू?"

मृणाल वळून आत निघून गेली. शालननं लेकीला शेजारी बसवलं आणि तिच्यासमोर डबा सोडला. "खा. आत्ता. माझ्या म्होरं." अश्विनी नाक ओढत भाकरी मोडू लागली. वाटीतलं कारलं तिनं बाजूला सरकवलं, आणि शालन ते पाहून पहिल्यांदा हसली. परतीच्या गाडीची वेळ झाली तेव्हा ती उठली आणि मला म्हणाली, "कसं झालतं वो कारलं?"

"माझी आई करायची तसं," मी म्हटलं. "तिच्यानंतर आत्ताच खाल्लं."

"गूळ जादा हुता का?"

"अजून थोडा चालला असता."

तिनं मान डोलावली आणि गाडीत चढली. मृणाल त्या दिवशी डेपोत गेली की नाही, हे मला कळलं नाही. जेवताना तिनं नेमकं हवं तेवढंच वाढलं, नेमकं हवं तेवढंच बोलली. आबा तर जेवायलाच आले नाहीत. आले तशी आल्या पावली परत गेले असते तर बरं, असं मला वाटत राहिलं.

निघायच्या दिवशी सकाळी घरघर आवाजानं जाग आली. खिडकीतून पाहिलं तर मृणाल स्वतः टेबल ओढत होती. दुसऱ्या टोकाला आबा. दोघांनी मिळून ते व्हरांड्यातून उतरवून खाली चाफ्याखाली नेलं. मग खुर्च्या नेल्या. मी खाली गेले.

"तिथून डोंगर अर्धाच दिसतो," मृणाल माझ्याकडे न बघता म्हणाली. तिनं कपाळावरचा घाम पुसला. "आणि पहिल्या तासाची घंटा व्हायच्या आत डबे उचलायचे, हे मी मुलींना बजावलंय. जास्त वेळ नाही ठेवून घेणार." तिचा राग गेला नव्हता. मला त्याचं काही वाटलं नाही. ती जिथे टेबल टाकत होती, तिथे उन्हाचा कवडसा येत होता, आणि मी तिथे बसून आंबोळ्या मागून खाल्ल्या. या वेळी चवीनं.

पहिल्या एसटीनं बाकड्यावर दोन डबे आले. अश्विनी त्यांतला एक माझ्याकडे घेऊन आली.

"ह्यो तुमचा. आईनं सांगितलंय, वाटंत खावा आन डबा धाडून द्या. आमच्यात दोनच हायत." मग जरा चाचरत, "मासिकात लिवणार म्हणला हुतासा न्हवं? गावाचं नाव घालू नका. लोक बाकड्याचं फोटो काढाय येतील, मग ताई परत वैतागतील." मी शब्द दिला.

कोल्हापूरच्या वाटेवर, ट्रॉल्यांच्या मागे गाडी रखडली तेव्हा मी मांडीवर डबा सोडला. वरच्या खणात भाकऱ्या होत्या. भाताच्या खणात भात नव्हता. तिथे काठोकाठ कारलं होतं, गूळ आदल्या खेपेपेक्षा जास्त. शेजारची बाई माझ्याकडे का बघते आहे ते मला उशिरा समजलं, मी रडत खात होते. स्टँडवरच्या नळावर मी डबा विसळला आणि त्याच रूटच्या कंडक्टरकडे दिला. शालनचं नाव सांगताच त्यानं तो आपल्या सीटखाली ठेवला.

नाशिकला पोचले तेव्हा ह्यांनी चहा करून ठेवला होता, तेवढं त्यांना जमतं. बंगला, गव्याचं मुंडकं, रस्सा, सगळं सांगून झालं. मग डब्याचं सांगितलं. मी दुसऱ्याचा नाष्टा खाल्ला यावर ते पोट धरून हसले. वाटीवरून शालननं कसं ओळखलं ते ऐकून "कमाल आहे बाईची" म्हणाले. शेवटी भाताच्या खणातलं सांगितलं, तेव्हा ते हसायचे थांबले. कप त्यांनी खाली ठेवला.

"तुला कारलं आवडतं?" त्यांनी विचारलं.